न छापलेला फोटो : ‘सिटी ऑफ गॉड’च्या निमित्ताने

आमच्या महाविद्यालयात शनिवारी दुपारी एक वाचकमंडळ भरते. पंधरावीस मुले, त्यात पाचसहा मुली. बहुतेकांच्या घरातले हे पहिलेच कॉलेजचे पाऊल. गेल्या पावसाळ्यात आम्ही पुस्तक बाजूला ठेवून ‘सिटी ऑफ गॉड’ हा ब्राझीलचा चित्रपट पाहिला. रिओ दि जानेरो शहराच्या एका गरीब वस्तीतल्या, अमली पदार्थांचा धंदा करणाऱ्या दोन टोळ्यांच्या युद्धाचा हा २००२ सालचा चित्रपट आहे. चित्रपट संपल्यावर मुले बंदुकांविषयी बोलली, वेगाविषयी बोलली, सुरुवातीच्या त्या सुटलेल्या कोंबडीविषयी बोलली. मग तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तो पोलिसांचा फोटो त्यानं पुढं कुठं ठेवला असेल?”

मी म्हणालो, “ते चित्रपटात दाखवलेलं नाही.” उत्तर बरोबर होते आणि पळपुटेही होते. हा लेख त्या प्रश्नाची परतफेड करण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम त्या वस्तीविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण ह्या चित्रपटाविषयी लिहिणारे बहुतेक समीक्षक थेट गोळीबारापासून सुरुवात करतात, जणू ही माणसे हातात पिस्तूल घेऊनच जन्माला आली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. म्हणजे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, तेव्हा ब्राझीलच्या मळ्यांत माणसे अजून विकली जात होती. पुढे मुक्ती मिळाली पण जमीन मिळाली नाही, नुकसानभरपाई मिळाली नाही, शाळा मिळाली नाही. ज्याला मुक्त केले त्याला रिकाम्या हातांनी रस्त्यावर सोडणे ही मुक्तीची एक फार जुनी पद्धत आहे. आपल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. हे लोक शहरांकडे आले आणि डोंगरउतारांवर वस्त्या उभ्या राहिल्या. १९६० नंतर रिओच्या राज्यपालांनी, कार्लोस लासेर्दा ह्यांनी, श्रीमंतांच्या समुद्रकिनाऱ्याजवळच्या वस्त्या उठवायला घेतल्या. अमेरिकेच्या ‘अलायन्स फॉर प्रोग्रेस’ योजनेतून पैसा आला. शहराच्या मध्यापासून लांब, पश्चिमेला, घरांच्या रांगा बांधल्या गेल्या आणि त्यांतल्या एका वसाहतीला नाव दिले ‘देवाचे नगर’. १९६६च्या महापुरात बेघर झालेली माणसेही तेथेच नेऊन टाकली. कामाची ठिकाणे राहिली समुद्राकाठी आणि माणसे येऊन पडली माळावर.

गावकुसाबाहेर वस्ती कशी वसते, हे आपल्याला परंपरेने ठाऊक आहे. तिकडे ती नकाशावर रेघ ओढून, सरकारी शिक्क्याने वसविली. फरक आहे तो एवढाच.

आता कथा. बुस्कापे नावाचा एक काळा मुलगा ती सांगतो. त्याला फोटोग्राफर व्हायचे आहे. त्याच्याच वयाचा झे पेकेनो लहानपणापासून माणसे मारतो आणि तरुणपणी वस्तीतला सगळा धंदा ताब्यात घेतो. एक भाग तेवढा दुसऱ्याकडे, सेनौराकडे, राहतो. तोही एवढ्याच कारणाने की झे पेकेनोचा जिवलग मित्र बेने त्याला सेनौरावर हात उचलू देत नाही. बेने हा दोन्ही बाजूंना प्रिय असलेला माणूस. त्याला हा धंदा सोडून प्रेयसीबरोबर दूर कुठे तरी शेती करायची आहे. त्याच्या निरोपाच्या मेजवानीतच, झे पेकेनोसाठी सुटलेली गोळी त्याला लागते. त्याच रात्री झे पेकेनो एका मुलीला नाचायला बोलावतो आणि ती नकार देते. तिचा प्रियकर माने गालिन्या हा बसमध्ये तिकिटे देणारा सरळमार्गी माणूस. झे पेकेनो त्याला सर्वांसमोर कपडे उतरवायला लावतो; पुढे त्या मुलीवर बलात्कार करतो; गालिन्याच्या भावाला ठार मारतो. गालिन्या सूडासाठी सेनौराच्या टोळीत जातो. निरपराध माणसाला मारायचे नाही, ही त्याची अट असते. ती अट एका दरोड्यात मोडते, मग पुन्हा मोडते, आणि अपवाद होता तो नियम होतो. त्या दरोड्यात मेलेल्या पहारेकऱ्याचा पोरगा गालिन्याच्याच बाजूने लढायला येतो आणि संधी मिळताच त्याला पाठीमागून गोळी घालतो.

ज्या मुलीपासून हे युद्ध पेटले ती मात्र युद्ध पेटल्यावर चित्रपटातून जवळजवळ नाहीशी होते. सूड पुरुषांचा आहे. तिच्या वाट्याला फक्त निमित्त होणे आले. दिग्दर्शकाला ह्याची टोचणी लागल्याचे दिसत नाही. हा दोष किरकोळ नाही. आमच्या आत्मकथनांतील आया आठवून पाहा आणि मग ठरवा.

धंद्याचे चित्रण मात्र मला फार मोलाचे वाटले. माल बांधणारे हात एका ओळीत बसलेले आहेत, कारखान्यात बसावेत तसे. निरोप पोचविणाऱ्या पोरापासून पहारा करणारा, विकणारा, लढणारा, मग व्यवस्थापक, अशी बढतीची शिडी आहे. शाळेने, सरकारी खात्याने, दुकानदाराने ज्यांना कधी कसली बढती दाखविली नाही त्यांना ही शिडी दिसते. पोरे बिघडली म्हणून ह्या धंद्यात गेली, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग दोनदा पाहावा. एवढीशी पोरे तेथे निष्ठा शिकतात. एका प्रसंगात झे पेकेनो दोन लहानग्यांना कोपऱ्यात गाठतो, पायांवर गोळ्या झाडतो आणि मग आपल्या टोळीतल्या एका पोराच्या हातात पिस्तूल देऊन, दोघांपैकी एकाला मार, म्हणतो. त्या मारणाऱ्या पोराचा चेहरा पाहावा. आपण कोणाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याला पिस्तुलाने द्यायला लावले आहे. आमच्या मंडळातली मुले ह्या प्रसंगी जी गप्प झाली ती शेवटपर्यंत.

पण हा कारखाना कोणाचा? कोकेनचे झाड रिओत उगवत नाही. बंदुका वस्तीत तयार होत नाहीत. विकत घेणारा गिऱ्हाईक, तो समुद्राकाठचा गोरा मुलगा, चित्रपटात थोडा वेळ येतो. परंतु माल आणि शस्त्रे जेथून येतात आणि पैसा जेथे जातो, त्या वरच्या मजल्यावर कॅमेरा चढत नाही. १९६४ ते १९८५ ब्राझीलमध्ये लष्करी हुकूमशाही होती. चित्रपटाचा काळ बहुतांशी तोच. तरीही हुकूमशाही नावाची काही वस्तू त्या देशात होती हे चित्रपटावरून फारसे कळत नाही. वस्ती जणू एका बंद पेटीत आहे आणि पेटीतले विंचू एकमेकांना डसत आहेत.

ह्या मुद्द्यावर ब्राझीलमध्येच मोठा वाद झाला. दिग्दर्शक फर्नांडो मेरेलेस हे साव पाउलोचे, जाहिरातपट करून नावारूपाला आलेले. कातिया लुंड ह्या सहदिग्दर्शिका. ग्लाउबर रोशा ह्या बंडखोर दिग्दर्शकाने १९६५ साली ‘भुकेचे सौंदर्यशास्त्र’ मांडले होते. भुकेल्याचा चित्रपट गुळगुळीत असूच शकत नाही, तो पाहणाऱ्याला बोचलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. इव्हाना बेन्तेस ह्या समीक्षिकेने नव्या चित्रपटांवर टीका करताना त्याच शब्दांची फिरवाफिरव केली आणि ही भुकेची सौंदर्यप्रसाधने आहेत, असे म्हटले. म्हणजे भुकेला पावडर-लाली लावून बाजारात बसविणे. दुसरी टीका वस्तीतून आली. देवाच्या नगरातच वाढलेला रॅप गायक एम. व्ही. बिल ह्याने जाहीरपणे विचारले की आमची बदनामी जगभर विकली गेली, वस्तीला काय मिळाले? चित्रपटातली बहुतेक पोरे खरोखरच अशा वस्त्यांतून निवडून, शिकवून उभी केलेली होती. २००४ साली ऑस्करची चार नामांकने मिळाली. त्यांपैकी दिग्दर्शनाचे नामांकन एकट्या मेरेलेस ह्यांच्या नावावर. पुढे २०१३ साली त्या पोरांचे दहा वर्षांनी काय झाले ह्यावर एक माहितीपट निघाला. काही नट झाले, पुष्कळजण होते तेथेच राहिले.

बेन्तेस ह्यांची टीका मला अर्धी पटते. चित्रपट देखणा आहे आणि मृत्यू इतका देखणा दिसू नये. पण हिंसेची गती त्या पोरांच्या आयुष्याची गती आहे, आणि पांढरपेशा प्रेक्षकाच्या सोयीसाठी ती संथ करावी असे मला वाटत नाही. बिलची टीका अधिक खोल आहे, कारण ती नातलगाची आहे. १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हा आपल्यातल्याच शिकलेल्या माणसांनी दया पवारांना विचारले होते की हा उकिरडा कशाला उपसता? तो प्रश्न चुकीचा होता, पण त्यामागची लाज खोटी नव्हती. दोन पिढ्या घासून स्वच्छ केलेले अंगण पुन्हा कोणी घाण दाखवायला उघडले, असे त्यांना वाटले. म्हणून दाखवावे की झाकावे, एवढ्यावर वाद थांबविला तर तो कधीच सुटणार नाही. दाखवायचे तर नक्की काय, आणि दाखविणाऱ्याने हातातले कोणते चित्र मागे ठेवले, हे विचारले पाहिजे. येथे आपण त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नापाशी येतो.

चित्रपटाच्या शेवटी बुस्कापेच्या कॅमेऱ्यात दोन फोटो आहेत. पोलिस झे पेकेनोला पकडतात, गल्लीत नेऊन त्याच्याकडून पैसे घेतात आणि सोडून देतात. हा पहिला. मग ती लहान पोरे येऊन झे पेकेनोला गोळ्यांनी चाळण करतात. त्या प्रेताचा दुसरा. बुस्कापे विचार करतो. प्रेताचा फोटो दिला तर वर्तमानपत्रात काम मिळेल. पोलिसांचा दिला तर नाव होईल, पण जीव राहील की नाही ह्याची खात्री नाही. तो प्रेताचा देतो. त्याला काम मिळते.

टोळ्यांमधल्या सगळ्या दुभंगलेल्या निष्ठा, बेनेची, गालिन्याची, त्या पहारेकऱ्याच्या पोराची, ह्या एका निर्णयापुढे मला लहान वाटतात. तो मुलगा कोणत्याच टोळीचा नाही. तो वस्तीचा आहे आणि वर्तमानपत्राचाही होऊ पाहतो आहे. वस्तीला उपयोगी फोटो दुसरा होता. वर्तमानपत्राला हवा होता तो पहिला नंबरात बसला. काळ्या पोराचे प्रेत छापून कोणाचेच काही बिघडत नव्हते. वाचक सकाळी चहाबरोबर ते पाहणार आणि म्हणणार, ही माणसे अशीच. आणि जो हप्ता त्या प्रेताइतकाच खरा होता, तो डब्यात बंद.

मी बुस्कापेला दोष देत नाही. त्याची भीती खरी आहे. आपण खुर्चीत बसून दुसऱ्याला हुतात्मा व्हायला सांगणे हा एक घाणेरडा प्रकार आहे आणि तो चळवळीतही पुष्कळ चालतो. माझा आक्षेप चित्रपटावर आहे. चित्रपट आपल्याला दोन्ही फोटो दाखवितो, म्हणजे त्याला सत्य कळलेले आहे. पण सव्वादोन तासांच्या आसपासच्या त्या चित्रपटात स्वतः त्याने कोणता फोटो छापला? जवळजवळ सगळाच वेळ प्रेतांचा. पोलिसांच्या वाट्याला काही क्षण. म्हणजे बुस्कापेने जे भीतीने केले ते चित्रपटाने बाजाराच्या समजुतीने केले.

मूळ कादंबरीकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. पाउलो लिन्स हे देवाच्या नगरातच वाढले. आल्बा झालुआर ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनात मदतनीस म्हणून ते आपल्याच वस्तीतल्या माणसांच्या मुलाखती घेत हिंडले. त्या सामग्रीतून पाचशेहून अधिक पानांची कादंबरी उभी राहिली आणि १९९७ साली छापली गेली. रोबेर्तो श्वार्झसारख्या मोठ्या समीक्षकाने तिचे स्वागत केले. वस्तीतला मुलगा संशोधकाची वही घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभा राहतो तेव्हा तो कोणाचा असतो? ज्यांनी आपापल्या वाड्यावस्त्यांवर प्रबंधासाठी प्रश्नावल्या भरून घेतल्या आहेत त्यांना हे चांगले कळेल. पण कादंबरीत बुस्कापे हा अनेकांतला एक आहे. कथा तो सांगत नाही. वस्तीतून सुटलेल्या एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून वाचकाने फेरफटका मारावा, अशी सोय तेथे नाही. ती सोय चित्रपटाने केली, कारण बाहेरच्या प्रेक्षकाला वाटाड्या लागतो.

वाटाड्याची ही गोष्ट ब्राझीलला नवी नाही. कारोलिना मारिया दे जेझुस ही साव पाउलोच्या झोपडपट्टीत कागद-भंगार वेचणारी काळी बाई. वेचलेल्या वह्यांत ती रोजनिशी लिही. एका वार्ताहराने ती निवडून, संपादित करून १९६० साली प्रसिद्ध केली. पुस्तक हातोहात खपले, जगभर भाषांतरे झाली. विटांच्या घरात राहायला गेल्यावर तिने १९६१ साली दुसरे पुस्तक लिहिले, त्यात सभ्य शेजाऱ्यांचे आणि प्रसिद्धीचे जग होते. ते कोणाला नको होते. १९७७ साली ती गरिबीतच वारली. भूक लिहिली तोवर तिला वाचक होते. भुकेच्या पलीकडे बोट दाखविले आणि वाचक उठून गेले.

आपल्याकडेही वाचकाला वाटाड्या लागला. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. न कळलेल्या शब्दांचे अर्थ विचारीत पांढरपेशा वाचक त्या जगाच्या दारात कसा उभा राहतो, हे तीत दिसते. पण आमच्या थोर पुस्तकांनी दुसरा फोटो डब्यात ठेवला नाही, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. ‘बलुतं’चे नावच एका व्यवस्थेचे नाव आहे. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले. त्यात पाकीट मारणारा हात आहे, आणि त्या हातातून वाटा घेणारा पोलिसाचा हातही त्याच चौकटीत आहे. १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली कागदावर मुक्त केले, त्यांची ती कहाणी आहे. चोरी करणाऱ्याबरोबर चोर ठरविणाराही तेथे उजेडात येतो. तंत्राच्या दृष्टीने ‘सिटी ऑफ गॉड’ पुढे ‘उचल्या’ साधे वाटेल. पण कोणाचा फोटो छापायचा हे त्याला नीट ठाऊक होते.

हे सगळे लिहिण्याचा मला अधिकार आहे काय, हेही सांगितले पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी मी तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीसाठी मी आमच्या वस्तीवर लेख लिहिला. वस्तीत हातभट्टीचे दोन तळ होते. एक माझ्या चुलत्यांचा, एक माझ्या मामांचा. त्यांचे हाडवैर होते. डोकी फुटत, आणि आईने कोणत्या घरी जायचे आणि कोणत्या नाही, ह्यावर आमच्या घरी आठवडेच्या आठवडे अबोला चाले. मी लहानपणी दोन्हीकडची ट्यूब वाहिली आहे. हे सगळे लेखात होते. आणखी एक परिच्छेद होता. दोन्ही भट्ट्यांना काळा गूळ आणि नवसागर पेठेतल्या एकाच गोदामातून येई. उधारीवर येई. त्या व्याजातच दोन्ही घरे बुडाली. गोदामाचे मालक गावातले प्रतिष्ठित गृहस्थ होते आणि एका शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी होते.

संपादकांनी तो परिच्छेद कापला असे मी पुष्कळांना सांगत आलो आहे. ते खोटे आहे. तो मीच कापला. त्या संस्थेत जागा निघणार होती. लेख फार गाजला, ‘अस्सल अनुभव’ म्हणून पत्रे आली. मामाच्या पोरांनी माझ्याशी बोलणे सोडले. जागा मला मिळाली.

पुढच्या शनिवारी मी मंडळात जुन्या वहीतून तो परिच्छेद वाचून दाखविला. मुले काही बोलली नाहीत. ती विद्यार्थिनी एवढेच म्हणाली, “सर, ह्यात नाव नाही.” नाव वहीतही नव्हते, येथेही नाही. ते गृहस्थ आता हयात नाहीत. संस्था आहे, आणि माझी नोकरी तेथेच आहे. मंडळात ह्या महिन्यात ‘उचल्या’ वाचायला घेतले आहे.